फाटकाबाहेरचा वेळ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले आणि कवडीपाट मागे पडला की लोणी काळभोर लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव रामदऱ्याच्या देवळामुळे किंवा राज कपूर यांच्या राजबागेमुळे ठाऊक असते. पण पुणे शहराचे रोजचे चलनवलन ज्यावर उभे आहे ते इथले तेलाचे डेपो आहेत. मुंबईतल्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेले पेट्रोल-डिझेल हिंदुस्तान पेट्रोलियमच्या नळवाहिनीतून घाट चढून इथे येते आणि हीच वाहिनी पुढे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत जाते. एकाच नळातून आधी डिझेल, त्यामागे पेट्रोल असा माल ढकलला जातो. मध्ये पडदा नसतो. दोन्ही तेले जिथे एकमेकांत मिसळतात तो पट्टा डेपोजवळ आला हे घनतेच्या आकड्यावरून ओळखले जाते, आणि तो नेमका वेगळा काढून बाकीचा माल आपापल्या टाकीत सोडला जातो. शेकडो किलोमीटर लांबीच्या या प्रवासात कोणता माल कुठे आहे हे नियंत्रणकक्षात बसलेल्या माणसाला दिसत असते. त्यानंतरचा प्रवास टँकरचा. डेपोच्या फाटकापासून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंतचे अंतर नळवाहिनीच्या मानाने किरकोळ आहे. तरीही पुरवठ्याच्या या साखळीत चोरी, खोळंबा आणि तंटा यांची बहुतेक प्रकरणे याच किरकोळ अंतरात घडतात.

असे का होते, याचे तयार उत्तर असे की नळात उपकरणे आहेत, रस्त्यावर माणसे आहेत, आणि माणसे बेभरवशाची असतात. मोठ्या कंपन्यांत पुरवठा साखळीची संगणकप्रणाली बसवताना हेच गृहीत धरलेले असते. म्हणून रस्त्यावरही उपकरणे आणली जातात: टँकरवर जीपीएस, झाकणांना इलेक्ट्रॉनिक कुलपे, डेपोत स्वयंचलित भरणी. या उपकरणांना माझा विरोध नाही. मला दिसणारे कारण मात्र वेगळे आहे. कोणतीही मोठी कंपनी आपल्या प्रणालीला तेवढेच मोजायला सांगते, जेवढ्याचा तोटा तिच्या स्वतःच्या वहीत पडतो. जो तोटा तिने कंत्राटाच्या एका कलमाने दुसऱ्याच्या अंगावर ढकललेला असतो, तो प्रणालीच्या नकाशावर उमटतच नाही. फाटकाबाहेर आपला नंबर लागण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या चालकाचा वेळ हा असा तोटा आहे. आणि न मोजलेला तोटा नाहीसा होत नाही. तो दुसरे रूप घेऊन त्याच साखळीत परत येतो.

मोजण्याच्या बाबतीत तेलाचा धंदा किती काटेकोर आहे ते आधी पाहिले पाहिजे. पेट्रोल उष्णतेने फुगते. बारा हजार लिटर पेट्रोलचे तापमान १० अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे १४० लिटरने वाढते, माल मात्र तेवढाच राहतो. म्हणून डेपोत घनता मोजून ती १५ अंश सेल्सियसच्या पायावर आणली जाते आणि चलनावर लिहिली जाते. पंपावर टँकर आला की पंपचालक पुन्हा घनता पाहतो आणि दोन आकड्यांत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक निघाला तर माल उतरवून घेत नाही. टाकीत काठी बुडवून डीप घेतली जाते, तळाशी पाणी आहे का हे रंग बदलणाऱ्या लेपाने तपासले जाते, टँकरच्या प्रत्येक कप्प्याचे माप वैधमापन खात्याकडून प्रमाणित केलेले असते. ही शिस्त संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. भारत पेट्रोलियम आणि इंडियन ऑइलने सॅप, हिंदुस्तान पेट्रोलियमने जेडी एडवर्ड्स अशा प्रणाली घेतल्या तेव्हा डेपोडेपोंतल्या वह्यांमधला हा हिशेब एकाच जागी आला. महिनाअखेरीस जुळवाजुळव करायची ती रोजच्या रोज होऊ लागली, पंपचालकाची मागणी, त्याची उधारी आणि टाकीतला साठा एका पडद्यावर दिसू लागला. हा लाभ खरा आहे, आणि तो नाकारून पुढे काही मांडता येणार नाही.

आता हीच काटेकोर नजर वेळेकडे वळवून पाहावी. तेल जहाजाने आले आणि बंदरात जहाज ठरल्या मुदतीत रिकामे झाले नाही, तर जहाजमालक डेमरेज, म्हणजे विलंबशुल्क, लावतो. तेच तेल रेल्वेच्या टाकीडब्यांतून आले तर रेल्वे मोफत तासांची मुदत देते, आणि ती उलटली की दर डब्याला दर तासाने डेमरेज आकारते. म्हणून रेक लागली की डेपोत धावपळ उडते. डबे रिकामे करण्याच्या वेळेची नोंद काटेकोर असते, कारण त्या वेळेचे बिल येणार असते. टँकरची कथा निराळी आहे. वाहतुकीचा दर मुख्यतः माल आणि अंतर यांवर ठरतो. चाक फिरले तर पैसा, उभे राहिले तर शून्य. हॉल्टिंगची, म्हणजे थांब्याच्या भाड्याची, मागणी रस्त्यावरच्या माल वाहतुकीत जुनी आहे, पण ती मिळणे बहुधा समोरच्याच्या मर्जीवर राहते. एकच माल, वाट पाहणारी वाहने तीन. त्यांपैकी दोघांच्या वाट पाहण्याला किंमत आहे आणि तिसऱ्याच्या नाही. या फरकाचे कोणतेही तांत्रिक कारण नाही. जहाजमालक आणि रेल्वे यांना कंपनीसमोर बसून करार करता येतो, टँकरच्या केबिनमधल्या माणसाला येत नाही, एवढेच कारण आहे.

कायद्यानेही इथे हात आखडता घेतला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. पण कामाचे तास म्हणजे काय याची व्याख्या करताना त्याच कायद्याने थांब्यावर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात धरला. म्हणजे चौदा मिनिटे वाट पाहिली तर ते काम, चार तास वाट पाहिली तर ती जणू विश्रांती. प्रवासी गाडीच्या वेळापत्रकात या तरतुदीला काही अर्थ असेलही. रांगेत उभ्या टँकरला ती लावली की तिचा अन्याय उघडा पडतो, कारण ज्वालाग्राही मालाच्या वाहनाजवळ बसून रांग पुढे सरकण्यावर डोळा ठेवणे याला विश्रांती कोणी म्हणणार नाही. या वेळेची किंमत मोजायचा प्रयत्न परदेशात झाला आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली अंदाज मांडला की माल भरताना-उतरवताना होणारा सरासरी थांबा पंधरा मिनिटांनी वाढला तर अपघातांचे प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. कारण साधे आहे. गेलेला वेळ चालक रस्त्यावर भरून काढतो. फाटकाबाहेर फुकट गेलेला तास असा पुढे सोलापूर रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर येतो, आणि कंपनीच्या पडद्यावर तो अपघात म्हणून नोंदला जातो. रांग म्हणून कधीच नाही.

वाट पाहण्याला किंमत असते तेव्हा काय होते, याचे उत्तम उदाहरण शोधायला या भागातल्या वाचकाला दूर जावे लागणार नाही. लोणीच्या शेजारी थेऊरला यशवंत सहकारी साखर कारखाना होता. २०११ पासून त्याचे धुराडे थंड आहे. पण सहकारी साखर कारखान्यांनी महाराष्ट्राला पुरवठा साखळीची जी रीत शिकवली ती संगणक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. लागवडीची नोंद तारखेनिशी, त्या नोंदीच्या क्रमाने तोडणीचा प्रोग्राम, गट कार्यालय, चिटबॉयने दिलेली चिठ्ठी, टोळीची आणि वाहनाची जुळणी, वजनकाटा, मग गव्हाण. नाशवंत कच्चा माल हजारो लहान शेतांतून गोळा करून चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला अखंड पुरवणे हे कोणत्याही मोटार कारखान्याच्या नियोजनाइतकेच अवघड काम आहे. इथे वेळेचे मोल सगळ्यांना ठाऊक असते, कारण तोडलेला ऊस वाळतो. वजनाची घट काट्याआधी झाली तर ती शेतकऱ्याची, काट्यानंतर झाली तर कारखान्याची, आणि उतारा घसरला तर सगळ्यांचीच. तोट्याची मालकी बदलते ती नेमकी वजनकाट्यावर. म्हणून काट्यापुढची रांग हा या राज्यात राजकारणाचा विषय झाला. शेतकरी सभासद होता; वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून, माझी गाडी तुमच्या आवारात किती तास उभी होती, असे अध्यक्षांना विचारण्याचा त्याला अधिकार होता. त्या अधिकाराचा सगळीकडे उपयोग झाला असे नाही. प्रोग्राम डावलून ओळखीच्याचा ऊस आधी तोडला जाणे, तोडणीसाठी खुशाली आणि वाहनासाठी एंट्रीचे पैसे मागितले जाणे, हे रोग सर्वांना माहीत आहेत. पण या रोगांतूनही तीच गोष्ट सिद्ध होते. जिथे वाट पाहण्याची किंमत अधिकृत वहीत धरली जात नाही, तिथे ती अनधिकृत वहीत रोखीने वसूल होते.

हेच सूत्र तेलाला लावले की भेसळ आणि चोरीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाच्या भेसळखोरांनी जिवंत जाळले. त्या घटनेने महाराष्ट्र हादरला, छापे पडले, टँकरवर नजर ठेवण्याच्या उपाययोजनांना वेग आला. ते सारे आवश्यकच होते. परंतु रॉकेलच्या भेसळीचे मूळ होते ते रेशनचे रॉकेल आणि डिझेल यांच्या किमतींतल्या दरीत. ती दरी पुढच्या वर्षांत सरकारने टप्प्याटप्प्याने बुजवली, रॉकेलचा वापर आटला, आणि भेसळीला खतपाणी घालणारा नफाच आटला. पहारा चोराला अडवतो, पण चोरीला फायद्याची ठेवणारी व्यवस्था तशीच राहिली तर पहाऱ्याचा खर्च कायमचा मागे लागतो. लोणी काळभोर-थेऊर परिसरात टँकरमधून इंधन काढून विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी एकाहून अधिक वेळा पकडल्या आहेत. सील, कुलपे, जीपीएस असतानाही हे का घडते, याचा विचार करताना त्या टँकरवरच्या माणसाचा महिना कसा भरतो हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. फेऱ्यांवर कमाई आणि फेऱ्या रांगेच्या हाती, अशा स्थितीत रस्त्याकडेच्या शेडमधला दलाल त्याला जो भाव देतो तो चार लिटरचाच असतो असे नाही. तो वाया गेलेल्या दिवसाचाही असतो. याने चोरी क्षम्य ठरत नाही. पण चोरी कमी करायची असेल तर तिचे हे इंधनही बंद करावे लागेल.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की रांग ही वाहतूक कंत्राटदाराची बाब आहे. त्याने निविदा भरताना थांब्याचा हिशेब धरलाच असेल, कंपनीने त्यात का पडावे? बाजाराच्या तर्काला धरून हे बरोबर वाटते. पण रांग निर्माण कशाने होते ते पाहिले तर हा तर्क टिकत नाही. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज बदलू लागले. दर घसरणार असे वाटले की पंपचालक मागणी रोखतो, चढणार असे वाटले की वाढवतो. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, केंद्राने उत्पादनशुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरवले. ज्यांच्या टाक्या त्या रात्री भरलेल्या होत्या त्यांना तोटा झाला, आणि अशा तोट्याची धास्ती पुढच्या प्रत्येक मागणीत उतरते. गिऱ्हाईक रोज जवळपास तेवढेच तेल घेते, डेपोकडची मागणी मात्र उसळते आणि कोसळते. साखळीच्या टोकाला झालेली लहानशी हालचाल मुळाशी येईतो चाबकाच्या लाटेसारखी वाढते, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकाअखेरीस दाखवून दिले आणि आज व्यवस्थापनाचा प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. त्या लाटेचा फटका जिथे बसतो ती जागा म्हणजे डेपोचे फाटक. तेव्हा रांग ही कंत्राटदाराने निर्माण केलेली नाही. ती दर ठरवण्याच्या पद्धतीची, मागणी नोंदवण्याच्या वेळेची आणि भरणीच्या वेळापत्रकाची बेरीज आहे, आणि यातली एकही गोष्ट कंत्राटदाराच्या हातात नाही. जो तोटा आपल्या निर्णयांतून जन्मतो तो दुसऱ्याच्या निविदेत दडवला, तर आपले निर्णय बरे की वाईट हे कळण्याचा मार्गच कंपनी स्वतः बंद करून टाकते.

जगभरातल्या अशा संगणकप्रणालींच्या मोठ्या अपयशांकडे पाहिले तरी हीच खूण सापडते. हर्षी ही चॉकलेटची कंपनी १९९९ साली ऐन हॅलोविनच्या हंगामाआधी नवी प्रणाली घाईने सुरू करून बसली, आणि माल हाती असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या पुऱ्या करू शकली नाही. टार्गेटने कॅनडात १३३ दुकाने उघडली आणि २०१५ साली ती गुंडाळली. तिथे मालाची लांबी-रुंदीसुद्धा प्रणालीत चुकीची भरली गेली होती. लिडल या जर्मन कंपनीने सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ साली सॅपचा प्रकल्प सोडून दिला, कारण साठ्याचे मूल्य विक्रीच्या नव्हे तर खरेदीच्या दराने धरण्याच्या आपल्या जुन्या सवयीला ती मुरड घालायला तयार नव्हती. तिन्ही ठिकाणी आज्ञावली बिघडली नव्हती. जमिनीवर काय घडते याचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांचे ज्ञान प्रणालीत शिरले नव्हते, आणि ते शिरू देण्याइतकी उसंत किंवा मन कोणाकडे नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. थांबा मोजून त्याचे पैसे द्यायचे म्हटले, तर चालकाने केलेली वेळेची नोंद खरी कशावरून? हॉल्टिंगचे पैसे मिळणार म्हटल्यावर गाड्या मुद्दाम लवकर येऊन रांगेत उभ्या राहतील. ही भीती अनाठायी नाही. पण तिचे उत्तर रेल्वेच्या मुदतीतच आहे: भरणीची वेळ आधी ठरवून द्यावी, त्या वेळेआधीचा थांबा चालकाचा आणि त्यानंतरचा कंपनीचा मानावा. नोंदीच्या खरेपणाबद्दल बोलायचे तर टँकरवरच्या उपकरणावर चोरी पकडण्यापुरता विश्वास ठेवायचा आणि थांबा मोजण्यापुरता ठेवायचा नाही, ही भूमिका टिकणार नाही. एकाच यंत्राची साक्ष एका बाजूनेच ग्राह्य धरली की चालकाच्या लेखी ते यंत्र पहारेकरी होते, आणि पहारेकऱ्याला फसवण्यात माणसाला अपराध वाटेनासा होतो. तेच यंत्र त्याच्याही बाजूने बोलू लागले तर ते बंद पडणार नाही याची काळजी तोही घेईल. आणखी कोणी म्हणेल की सार्वजनिक कंपन्या निविदा आणि लेखापरीक्षणाच्या चौकटीत बांधलेल्या आहेत, दराच्या रचनेत असा बदल त्यांना सोपा नाही. सोपा नाही हे खरे. पण रेल्वेला डेमरेज भरताना हीच चौकट आड येत नाही.

न मोजलेल्या माणसावर साखळी किती टेकलेली आहे, हे २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशाने पाहिले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली. १ जानेवारीला चालकांनी स्टिअरिंग सोडले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोवर टँकर उभे राहिले, राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, चंदीगड प्रशासनाने दुचाकीला दोन आणि चारचाकीला पाच लिटरची मर्यादा घातली. २ जानेवारीच्या रात्री, वाहतूकदारांशी चर्चा केल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही, असे केंद्राने सांगितले तेव्हा कुठे गाड्या हलल्या. त्या दोन दिवसांत टाक्यांत तेल होते, नळवाहिनी होती, पडदे चालू होते. कोणत्या टाकीत किती साठा आहे हे लिटरनिशी सांगता येत होते. गाडी चालवणारा माणूस काय विचार करतो आहे, त्याला कशाची भीती आहे, हे सांगणारा रकाना मात्र कुठल्याच पडद्यावर नव्हता. कायद्याचा तो वाद वेगळा आहे आणि त्यात अपघातग्रस्तांची बाजूही तितकीच खरी आहे. इथे मुद्दा इतकाच, की अशा संपाचा धोका अहवालांत बाहेरून येणारे संकट म्हणून मांडला जातो, वादळ किंवा पुरासारखा. जो माणूस वर्षभर रोज फाटकाशी येतो, तो बाहेरचा कसा?

तेव्हा एखादी मोठी कंपनी अशी प्रणाली नव्याने बसवणार असेल, किंवा जुनी बदलणार असेल, तर सल्लागारांनी आणलेल्या आराखड्याआधी एक काम करण्यासारखे आहे. आपल्या एका डेपोवर तीन महिने प्रत्येक वाहनाच्या चार वेळा लिहाव्यात: दिलेली वेळ, रांगेत आल्याची वेळ, फाटकातून आत गेल्याची वेळ आणि भरून बाहेर पडल्याची वेळ. दुसरी आणि तिसरी यांच्यातला फरक, दिलेल्या वेळेआधीचा थांबा वजा करून, महिन्याच्या साठा-अहवालात, घट आणि गळतीच्या शेजारच्या ओळीत छापावा, आणि त्याला रेल्वेच्या डेमरेजच्या धर्तीवर रुपयांत किंमत लावावी, प्रत्यक्ष पैसे देण्याचा निर्णय नंतर झाला तरी चालेल. या आकड्याला विरोध होईल तो डेपोतून कमी आणि मुख्यालयातून जास्त, कारण त्यातून दर, विक्री आणि वाहतूक या तीन विभागांचे परस्परांवर ढकललेले खर्च एका ओळीत येतील. नव्या यंत्रसामग्रीची यासाठी फारशी गरज नाही. सोलापूर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टँकरवरचे उपकरण आपली जागा आताही कळवतच असते. ती जागा सकाळपासून बदललेली नाही, एवढीच बेरीज कोणी मागितलेली नाही.